घेताना सेकंद, देताना जिल्हा

मोबाइल कंपनी आपल्याकडून पैसे घेते तेव्हा सेकंद मोजते. आपलं काही परत द्यायची वेळ आली की जिल्हा मोजते. हा छापील नियम आहे. नंदुरबार जिल्ह्यात त्याचा अर्थ सरळ आहे: डोंगरावरच्या माणसाच्या हाती काहीही पडणार नाही.

ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. या प्राधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ ला सेवेच्या दर्जाचे नवे विनियम काढले. त्यातलं भरपाईचं कलम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालं. जिल्ह्यात कंपनीची सेवा ठप्प झाली आणि चोवीस तास उलटूनही सुरू झाली नाही, तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची आणि प्रीपेडवाल्याची व्हॅलिडिटी वाढवायची. एका तारखेत सेवा बारा तासांहून जास्त बंद राहिली तर तो पूर्ण दिवस धरायचा. नैसर्गिक आपत्ती असेल तर कंपनीला माफी.

बारा तासांचा पूर्ण दिवस धरतात, चांगलं आहे. गेलेले दिवस परत मिळतात, तेही चांगलं आहे. घात केला तो मापाने. नंदुरबारचा नकाशा समोर घ्या म्हणजे कळेल.

तालुके सहा. तापीच्या खोऱ्यात नंदुरबार, शहादा, तळोदा. गुजरातला खेटून नवापूर. वर सातपुड्यात अक्कलकुव्याचा मोठा भाग आणि सगळं धडगाव. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावचा तळोद्याकडचा रस्ता बंद होतो. वर लाइट जाते. टॉवरची बॅटरी काही तास तग धरते. मग जनरेटर लागतो, जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेलची गाडी घाटाखाली उभी असते. कधी रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलेली असते. मोलगीकडचा एखादा टॉवर दोन-दोन, चार-चार दिवस मुका होतो. त्याच वेळी शहाद्याच्या बसस्टँडवर सगळ्यांचे फोन खणखणत असतात. म्हणजे जिल्ह्यात सेवा सुरू आहे. सेवा सुरू आहे म्हणजे भरपाई नाही.

जिल्ह्याच्या शहरात रेंज असेपर्यंत डोंगरातला एकही दिवस परत करावा लागत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी कंपन्यांसाठी याहून सोयीचं माप शोधून काढणं कठीण होतं.

* * *

हा दिवस किती रुपयांचा, असं शहरातला माणूस विचारेल. त्याने धडगावच्या बाजारात रिचार्जच्या दुकानापुढे थोडा वेळ उभं राहावं.

पाड्यावरून आलेला माणूस बटणांचा फोन पुढे करतो. फोनला रबरबँड लावलेला. नंबर पाठ नसतो, तो बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेला असतो. दुकानदार झाकण उघडतो, नंबर टाकतो, कुठला मारू म्हणून विचारतो. फोनमध्ये कंपनीचे चार मेसेज येऊन पडलेले असतात, चारही इंग्रजीत. त्यातला शेवटचा सांगतो की प्लॅन संपला. पाड्यावर मधले कितीतरी दिवस रेंजच नव्हती, पण दिवस मात्र संपत राहिले. फोन वापरला काय, न वापरला काय, टॉवर उभा असला काय, पडला काय, व्हॅलिडिटीचं घड्याळ थांबत नाही.

पूर्वी निदान एवढं होतं की बॅलन्स नसला तरी येणारा फोन वाजायचा. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि तेही गेलं. आता दिवस संपले की काही काळाने येणारे फोनही बंद. पोरगा ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला असेल तर त्याचा आवाज बंद. दवाखान्यात नेलेल्या बाईची खबर बंद.

महिनाही कंपन्यांनी स्वतःचा बनवला. अठ्ठावीस दिवसांचा. बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. त्यावर ओरड झाली तेव्हा ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला, की तीस दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा एक ठेवा. डोंगरात इंटरनेट चालत नाही तरी डेटाचे पैसे भरावे लागत होते. त्यावर २३ डिसेंबर २०२४ ला आदेश निघाला, की फक्त बोलणं आणि एसएमएस एवढ्याचंही व्हाउचर विका. दोन्ही आदेश चांगले. दोन्ही ओरड झाल्यावर आले. पुढच्या ओरडीचा विषय टॉवरखालच्या गेलेल्या दिवसांचा असायला हवा.

* * *

कंपन्यांना इतका बारीक हिशोब झेपणार नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याला नवापूरला घेऊन जा.

नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्यावर मधोमध रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलंय. लोक तिथे फोटो काढतात. मोबाइल कंपन्यांनी त्याच रेघेवर वर्षानुवर्षं पैसे काढले. दूरसंचार खात्याने देशाची २२ सेवाक्षेत्रं पाडली आहेत. नंदुरबार महाराष्ट्र-गोव्याच्या क्षेत्रात, पलीकडचं उच्छल गुजरातच्या. फोनने गुजरातचा टॉवर पकडला की रोमिंग लागायचं. हद्दीवरच्या शेतकऱ्याने बांध ओलांडलेला नसायचा, टॉवरने त्याला ओलांडून नेलेलं असायचं.

२००७ मध्ये ट्रायने रोमिंगचे कमाल दर ठरवले. आलेला फोन घ्यायला मिनिटाला १ रुपया ७५ पैसे. २०१३ मध्ये ते ७५ पैसे झाले, २०१५ मध्ये ४५ पैसे. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्यातून कोयते दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, पडावावर पालं टाकलेली. घरून फोन आला की घेणाऱ्याचेच पैसे जायचे. म्हणून माणसं फोन वाजू द्यायची आणि उचलायची नाहीत. वाजला म्हणजे घरी सगळं ठीक, एवढ्यावर हंगाम निघायचा. ज्याला जमलं त्याने गुजरातचं दुसरं सिम घेतलं, होळीला परत आल्यावर ते बंद पडलं.

आता त्याच फोनची दुसरी बाजू बघा. महाराष्ट्रातलं सिम बारडोलीत दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर गेलं की दोन कंपन्यांचा एकमेकींशी व्यवहार सुरू होतो. ज्या कंपनीचा टॉवर वापरला, तिच्या स्विचमध्ये नोंद होते: कुठला नंबर, कुठला टॉवर, सुरुवात कधी, शेवट कधी. सॉफ्टवेअर ती नोंद स्वच्छ करतं, दर लावतं, ठरलेल्या साच्याच्या फाइलमध्ये भरतं आणि मूळ कंपनीकडे पाठवतं. या फाइलला टॅप म्हणतात. तिचा साचा जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ठरवलेला आहे आणि तो जगभरात चालतो. मधे हिशोब जुळवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या असतात. कोणाचे किती निघाले हे जमवून त्या दोघींना आकडा देतात.

फाइल उशिरा आली आणि मधल्या वेळात कोणी फसवणूक केली तर नुकसान कोणाचं? तेही ठरलेलं आहे. जीएसएमएने ऑक्टोबर २००८ पासून नियम केला, की रोमिंगवरच्या वापराची नोंद चार तासांच्या आत मूळ कंपनीला पोचली पाहिजे. उशीर करणाऱ्या कंपनीने तोटा सोसायचा. किती स्वच्छ नियम आहे. ज्याने उशीर केला त्याने भरायचं.

प्रीपेड ग्राहकाला स्वतःच्या वापराचा तपशील हवा असेल तर? ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांत त्याचीही सोय आहे. अर्ज करायचा, ५० रुपयांपर्यंत शुल्क भरायचं, कंपनीने तीस दिवसांत तपशील द्यायचा. कंपनीला कंपनीची नोंद चार तासांत, ग्राहकाला स्वतःची नोंद तीस दिवसांत आणि तीही पैसे मोजून.

* * *

ही सॉफ्टवेअरं आकाशातून पडत नाहीत. त्यांचा मोठा बाजार आहे आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. टेक महिंद्राची सुरुवात १९८६ मध्ये महिंद्रा आणि ब्रिटिश टेलिकॉम यांच्या भागीदारीतून झाली. आज तिचं मुख्यालय पुण्यात आहे. जगभरच्या टेलिफोन कंपन्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या अ‍ॅमडॉक्सचं मोठं केंद्र पुण्यातच, मगरपट्ट्यात. खानदेशातून इंजिनिअर होऊन गेलेली पोरं अशा कंपन्यांत काम करतात. गावी फोन लावताना रेंज नाही म्हणून तीही वैतागतात.

भागीदाऱ्यांची व्याप्ती बघा. २००४ मध्ये भारती एअरटेलने आपलं आयटीचं काम दहा वर्षांसाठी आयबीएमला सोपवलं. करार सुमारे ७५ कोटी डॉलरचा, आणि मोबदला एअरटेलच्या उत्पन्नाशी बांधलेला. २००७ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एस्सारनेही आयबीएमशीच करार केले. बाजारात एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या तीन कंपन्या आणि त्यांच्या वह्या सांभाळणारं घर एकच. इथे त्यांना एकमेकींवर विश्वास ठेवता आला, कारण प्रश्न स्वतःच्या पैशांचा होता.

कंपन्यांचा आपसांतला पैसा पैशापैशाने मोजला जातो. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला फोन लावला, की पहिलीने दुसरीला मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यायची. २००९ मध्ये ती २० पैसे होती, २०१५ मध्ये १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. त्या सहा पैशांवरून केवढं रण माजलं होतं! ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने ते सहा पैसे थेट ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली. त्याच काळात फोनची घंटा किती सेकंद वाजावी यावर भांडण पेटलं. चाळीस-पंचेचाळीस सेकंद वाजणारी घंटा वीस-पंचवीस सेकंदांवर आणली गेली. घंटा लवकर तुटली की मिस्ड कॉल पडतो, समोरचा उलटा फोन लावतो आणि त्या फोनचे पैसे आपल्याकडे येतात, असा एका बाजूचा दुसरीवर आरोप होता. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायने घंटेची वेळ ठरवून दिली: मोबाइलला तीस सेकंद, लँडलाइनला साठ.

त्याआधी २०१६ मध्ये जिओला पुरेशी जोडणी दिली नाही म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती. कंपनीचे फोन कंपनीने अडवले तर शिक्षेचा आकडा कोटींत. धडगावच्या माणसाचे फोन टॉवरने अडवले तर आकडाच नाही.

ग्राहकाचं दळण किती बारीक झालं हेही आठवा. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला. तोवर एक सेकंद बोललं तरी पूर्ण मिनिटाचे पैसे जायचे. काही महिन्यांत बाकीच्यांनाही तिच्या मागून यावं लागलं. तेव्हाही हे जमणार नाही, परवडणार नाही, असं म्हणता आलं असतं. स्पर्धेने गळ्याशी आणलं तसं सगळ्यांचं सॉफ्टवेअर एका हंगामात सेकंद मोजायला शिकलं.

* * *

कंपन्या काय उत्तर देतील तेही ऐकून घेऊ. कोणाला किती तास सेवा नव्हती हे एकेका माणसापुरतं कसं ठरवणार, असं त्या म्हणतील.

त्यांच्याच कागदांवरून ठरवता येईल. प्रत्येक टॉवर महिन्यात किती तास बंद होता, ही नोंद कंपन्या गेली कित्येक वर्षं ठेवतात, कारण ट्रायच्या दर्जाच्या मापांत ती लागते. महिन्यात चोवीस तासांहून जास्त बंद राहिलेले टॉवर वेगळे मोजावे लागतात आणि त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. म्हणजे मोलगीकडचा टॉवर कधी पडला आणि कधी उठला, हे कंपनीला तासा-मिनिटासकट माहीत आहे. प्रत्येक कॉलच्या नोंदीत टॉवरचा क्रमांक असतो, म्हणजे त्या टॉवरखाली रोज कोणते नंबर असतात हेही माहीत आहे. दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि व्हॅलिडिटीची तारीख एका दिवसाने पुढे सरकवायची. जे सॉफ्टवेअर वाढदिवसाला ऑफरचा मेसेज पाठवतं, त्याला हे अवघड नाही.

दोन टक्क्यांच्या त्या मापातही तोच घोळ आहे. शंभरातले दोन टॉवर बंद राहिले तर चालतं. ते दोन दर महिन्याला तेच असले तरी चालतं, आणि ते बहुतेक वेळा तेच असतात, कारण घाट तोच आहे आणि लाइट तिथलीच जाते. सरासरी सुधारते, पाडा तसाच राहतो.

एकेका ग्राहकाला भरपाई देण्याची पद्धत नवीही नाही. लँडलाइनला ती जुनी आहे. फोन तीन दिवसांहून जास्त बंद राहिला तर सात दिवसांचं भाडं माफ, सात दिवसांहून जास्त राहिला तर पंधरा दिवसांचं, पंधराहून जास्त राहिला तर महिन्याचं, असं कोष्टक २००९ च्या विनियमांत होतं. तेव्हा शेजाऱ्याचा फोन चालू आहे का, तालुक्याचा चालू आहे का, असं कोणी विचारत नव्हतं. तुझा बंद, तुझं भाडं माफ. वायर असलेल्या फोनला जो न्याय मिळाला, तो वायर नसलेल्याला का नाही?

माणूस ओळखता येत नाही असं तर या जिल्ह्यात कोणी म्हणूच नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी तिथे आले होते. एकेका माणसाला बारा आकडी ओळख देण्याची सुरुवात नंदुरबारमधून झाली. सिम घेताना तो एकटा असतो, अंगठा त्याचा एकट्याचा असतो, पैसे त्याच्या एकट्याच्या खिशातून जातात. भरपाईच्या वेळीच त्याला सगळ्या जिल्ह्यात का विरघळवायचं?

लाइट गेली तर आमचा काय दोष, असंही कंपन्या म्हणतील. महावितरणशी त्यांनी भांडावं, त्यांच्याकडे वकील आहेत. ग्राहकाने पैसे कंपनीला दिलेत, महावितरणला नव्हे. पूर-दरडीत टॉवर वाहून गेला तर ती आपत्ती, हे मान्य. दर पावसाळ्यात डिझेल न पोचणं ही आपत्ती नाही, ती तयारीची कमतरता आहे. घाट बंद होण्याआधी साठा वर नेता येतो, मोठी बॅटरी बसवता येते, सौर पॅनल लावता येतात. दिवस परत द्यावे लागले की हे सगळं परवडायला लागेल.

एक जुनी ठेच मात्र लक्षात ठेवायला हवी. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने नियम केला होता, की फोन मधेच तुटला तर ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. दर्जाचं माप पाळणाऱ्या कंपनीलाही त्यात दंड बसत होता आणि फोन कोणाच्या चुकीने तुटला याचा विचार त्यात नव्हता. धडा असा, की नियम पुराव्यावर उभा करायचा. तुटलेल्या फोनची चूक कोणाची यावर वाद घालता येतो. टॉवर बंद होता की चालू, यावर घालता येत नाही, कारण तो बंद असल्याची नोंद कंपनीच्याच हातची असते.

* * *

आता या मागणीला आणखी जोर आला आहे, कारण टॉवर लोकांच्या पैशाने उभे राहताहेत. कंपन्यांच्या महसुलाचा पाच टक्के हिस्सा ग्रामीण सेवेच्या निधीत जातो. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्यांचा महसूल म्हणजे शेवटी आपले रिचार्ज. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांना फोरजी देण्यासाठी ६,४६६ कोटी रुपये मंजूर केले. त्या पाचांत महाराष्ट्र आहे. जुलै २०२२ मध्ये बीएसएनएलकडून आणखी २४,६८० गावं जोडण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना आली. २७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं उद्घाटन केलं. त्यात टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांची भागीदारी आहे.

१७ जानेवारी २०२५ ला अजून एक चांगली गोष्ट झाली. या निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची सेवा घेता यावी, अशी सोय दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य सिंधिया यांनी सुरू केली. बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ तिघींची सिमं एका टॉवरवर. दुर्गम भागासाठी हे खरंच मोलाचं आहे. पण यात पुन्हा तेच आलं: कोणाच्या ग्राहकाने कोणाचा टॉवर किती वापरला, याचा कंपन्यांचा आपसांतला हिशोब चोख राहणार. मग तो टॉवर पडला तर ग्राहकाचा हिशोब कोणी ठेवायचा? टॉवर तिचा, सिम हिचं आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असं होण्याआधी हे लिहून घेतलं पाहिजे.

लिहून घेणार कोण? कंपन्यांचं एकमेकींशी भांडण झालं की त्या टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणात जातात. एकट्या ग्राहकाने कंपनीच्या तक्रार केंद्रात जायचं, तिथे समाधान झालं नाही तर अपिलात जायचं. अपील ऐकणारा अधिकारीही त्याच कंपनीचा आणि निकालाला मुदत ३९ दिवसांची. म्हणजे अपिलाचा निकाल हाती पडेपर्यंत अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन कधीच संपलेला असतो. ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं. पण एका दिवसाच्या व्हॅलिडिटीसाठी धडगावहून नंदुरबारच्या चकरा कोण मारणार?

ट्रायच्या कायद्याच्या चौदाव्या कलमात एक वाट आहे. कंपनी आणि ग्राहकांचा गट यांच्यातला वाद टीडीसॅट ऐकू शकतं. एकट्याला तो दरवाजा बंद, गटाला उघडा. नंदुरबारचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे, तिथे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि पाड्याच्याही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकतात. ग्रामसभेइतका पक्का गट कुठे मिळणार?

म्हणून माझी मागणी ग्रामसभांकडेच आहे. ठराव तीन वाक्यांचा करा. आमच्या टॉवरची सेवा एका तारखेत बारा तासांहून जास्त बंद राहिली, तर त्याखालच्या प्रत्येक प्रीपेड ग्राहकाची व्हॅलिडिटी एक दिवसाने, अर्ज न मागता वाढवावी. टॉवर दर महिन्याला किती तास बंद होता, ते कंपनीने ग्रामपंचायतीला मराठीत लेखी कळवावं. ट्रायने भरपाईच्या कलमात जिल्ह्याच्या जागी टॉवर घालावा.

ठरावाच्या नकला ट्रायला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदारांना पोचवा. पोच घ्या. सोबत टॉवर बंद असलेल्या तारखा जोडा. त्या टिपायचं काम आशाताई, अंगणवाडीताई आणि रेशन दुकानदार सहज करतील, कारण रेंज गेली की सगळ्यात आधी त्यांचं काम अडतं. उत्तर आलं नाही तर दहा गावं मिळून टीडीसॅटकडे जा.

१५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन पावसात येते. विषयपत्रिकेवर हा विषय पहिला लिहा.